बिल्शोव्स्की सिल्व्हर स्टेनमध्ये पुन्हा पुन्हा येणारे काळे कण: कुठून येतात आणि कसे घालवायचे

सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यातल्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये मेंदूच्या सेक्शनवर (पातळ कापावर) बिल्शोव्स्कीचा चांदीचा स्टेन हे काही रोजचं काम नाही. एखाद्या पीजी विद्यार्थ्याचा वृद्धांच्या मेंदूवरचा प्रबंध निघतो, शवविच्छेदनातला किंवा देहदानातून आलेला हिप्पोकॅम्पस (मेंदूचा स्मृतीशी संबंधित भाग) टेबलावर येतो आणि कपाटाच्या मागच्या रांगेतली सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली बाहेर निघते. पहिली बॅच बरी जाते. दुसऱ्या बॅचला सगळ्या फील्डभर काळे कण, मध्येच काळपट ढग, कडेला चांदीचा आरसा. प्लाक, म्हणजे चेतापेशींबाहेर साठलेला प्रथिनाचा पुंजका, कुठला आणि घाण कुठली ते कळत नाही.

मग एकाच दिवशी सगळे उपाय होतात. सिल्व्हरची नवी बाटली फोडली जाते, ओव्हनची वेळ कमी केली जाते, अमोनियाचे थेंब वाढवले जातात. पुढची बॅच सुधारते, पण कशामुळे सुधारली ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून महिन्याभराने तक्रार जशीच्या तशी परत येते. माझं म्हणणं असं की कुठल्याही बाटलीला हात लावण्याआधी कण नेमका कुठे बसलाय ते मायक्रोस्कोपखाली पाहा. तो टिश्यूच्या वर तरंगतोय, टिश्यूच्या आत आहे, की टिश्यू नसलेल्या मोकळ्या काचेवरही आहे? निम्मं निदान तिथेच होतं.

आधी, चांगली स्लाइड कशी असते

बिल्शोव्स्कीची चांदीची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आलोइस आल्झायमर यांनी आपल्या रुग्ण ऑगस्टे डेटर यांच्या मेंदूत जे पाहिलं आणि ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं, ते याच तेव्हाच्या नव्या पद्धतीमुळे दिसलं होतं. चेतापेशींच्या आतले तंतूंचे गुंते, म्हणजे टँगल्स, एच अँड ई या रोजच्या साध्या स्टेनमध्ये सहज निसटतात. चांदी त्यांना काळं करते. आज लॅबमध्ये बहुतेक जण यामामोतो आणि हिरानो यांनी १९८६ मध्ये दिलेली सुधारित रीत वापरतात: ८ ते १० मायक्रॉनचं पॅराफिन सेक्शन, २० टक्के सिल्व्हर नायट्रेट, मग अमोनियाकल सिल्व्हर (अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेट), मग फॉर्मॅलिनवाल्या डेव्हलपरचे (चांदी काळी करणाऱ्या द्रावणाचे) मोजके थेंब, शेवटी ५ टक्के हायपो (सोडियम थायोसल्फेट).

जमलेल्या स्लाइडची पार्श्वभूमी सुक्या हळकुंडाच्या सालीसारखी पिवळट-तपकिरी असते. त्यावर टँगल्स गडद तपकिरी ते काळे दिसतात. हिप्पोकॅम्पसच्या सीए१ आणि सबिक्युलम या भागांतल्या पिरॅमिडल पेशींत ते ज्योतीच्या आकाराचे. न्यूरिटिक प्लाकमध्ये जाडसर, वेडेवाकडे, काळे धागे एका गाभ्याभोवती जमलेले असतात. एक गोष्ट नवख्यांना आधीच सांगून ठेवतो: या स्टेनमध्ये चेतापेशींचे लांब तंतू, म्हणजे निरोगी अ‍ॅक्सॉनही काळे बारीक धागे म्हणून दिसतात. ते दिसलेच पाहिजेत. ती घाण समजून डिफरन्शिएट करत (जादा रंग काढत) बसलात तर टँगल्सही जातील.

कणांचा प्रश्न नुसता देखणेपणाचा नाही. सेराड या आल्झायमर-निदानाच्या निकषांत न्यूरिटिक प्लाक विरळ, मध्यम की भरपूर हे नजरेनंच ठरवायचं असतं. पार्श्वभूमीवर काळ्या गोळ्या पसरल्या असतील तर ‘विरळ’चं ‘मध्यम’ व्हायला वेळ लागत नाही, आणि प्रबंधाचा तक्ता तिथेच वाकडा होतो.

तीन फालतू वाटणाऱ्या स्लाइड

पुढच्या बॅचमध्ये नेहमीच्या स्लाइडबरोबर आणखी तीन घ्या. एक कोरी, टिश्यू नसलेली, पण सगळ्या द्रावणांतून बाकीच्यांसोबत नेलेली. दुसरी त्याच ब्लॉकची (पॅराफिनमध्ये बसवलेल्या तुकड्याची), फक्त पॅराफिन काढून थेट माउंट केलेली, चांदी न दाखवलेली. तिसरी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात प्लाक आणि टँगल्स आहेत हे आधीच माहीत आहे अशी. तिसरी मिळवणं सर्वांत अवघड जातं. आपल्या जुन्या ब्लॉकमध्ये नसेल तर ज्या संस्थेत न्यूरोपॅथॉलॉजीचं नियमित काम चालतं तिथून मागावी लागते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूची बँक आहे, ती या कामातली आपल्या देशातली मोठी जागा. पण कोऱ्या आणि न रंगवलेल्या स्लाइडला काहीच खर्च नाही. तरी त्याच टाळल्या जातात.

आता या स्लाइड वाचा. कोऱ्या काचेवर कण आले तर टिश्यूचा काही दोष नाही. पाणी, काच, भांडी किंवा द्रावण यांपैकी कुठेतरी गडबड आहे. न रंगवलेल्या स्लाइडमध्येच तपकिरी-काळे कण दिसले तर चांदीला शिव्या घालू नका. तो रंगकण फिक्सेशनमधून आलाय. या दोन्ही स्वच्छ आणि फक्त रंगवलेल्या टिश्यूवर कण, तर अमोनियाचं प्रमाण, डेव्हलपर किंवा तापमान.

फोकस वर-खाली करण्याचं विसरू नका. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर कण स्पष्ट असताना पेशीचं केंद्रक धूसर होत असेल, तर कण टिश्यूच्या वरच्या पातळीवर आहे, म्हणजे तो द्रावणातून येऊन बसलाय. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत असतील तर तो टिश्यूच्या आतला.

पाणी

आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच निघतो. सिल्व्हर नायट्रेटला क्लोराइड दिसलं की पांढरं सिल्व्हर क्लोराइड बनतं आणि प्रकाशात ते काळपट पडतं. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात अतिपाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, त्या भागातल्या बोअरचं पाणी तोंडाला मचूळ लागतं. त्यात मीठ आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीन दिलेलं असतं, म्हणजे तिथेही क्लोराइड आलंच.

“आम्ही नळाचं वापरतच नाही, डिस्टिल्ड वापरतो,” हे उत्तर ठरलेलं. बॅरलवर ‘डिस्टिल्ड’ लिहिलेलं असतं, आत काय असतं ते वेगळं. कुठे आरओच्या प्लांटचा जार असतो, कुठे बॅटरीत घालायचं पाणी, कुठे डीआयोनाइज्ड पाण्याच्या कॉलमचा रेझिन कधीच संपलेला. आरओचं पाणी प्यायला उत्तम, पण त्यात थोडं क्लोराइड उरतंच. चांदीला तेवढं पुरतं. खिशातला टीडीएस मीटरही इथे शेवटचा शब्द नाही.

चाचणी अगदी साधी. स्वच्छ टेस्ट ट्यूबमध्ये ते पाणी १० मिली घ्या, एक थेंब पातळ नायट्रिक आम्ल टाका, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. काळ्या कागदासमोर धरा. दुधाळ झाक आली तर ते पाणी या स्टेनला चालणार नाही. नायट्रिक आम्ल आधी टाकायचं, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा गढूळपणा फसवत नाही. ही चाचणी बॅचच्या दिवशी सकाळी करा. मागच्या महिन्यात स्वच्छ निघालेलं पाणी आजही स्वच्छ असेल असं कुणी सांगितलं?

पाण्याची एक चोरवाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. द्रावणं सगळी डिस्टिल्डमध्ये बनवलेली असतात, पण मायक्रोटोमशेजारचा (सेक्शन कापायच्या यंत्राशेजारचा) फ्लोटेशन बाथ नळाच्या पाण्यानं भरलेला असतो. त्या पाण्यावर तरंगलेलं सेक्शन काचेवर घेतलं की पाण्याचा थर त्याच्या खालीच वाळतो. पुढे कितीही धुतलं तरी सेक्शनच्या पोटाखालचं मीठ पूर्ण निघेलच असं नाही. चांदीसाठी सेक्शन काढायचे असतील त्या दिवशी बाथसुद्धा डिस्टिल्ड पाण्यानं भरायचा. त्याच बाथमध्ये कुणी जिलेटिन किंवा अंड्याचं अल्ब्युमिन टाकत असेल तर तेही त्या दिवसापुरतं बंद. चिकटवणाऱ्या प्रथिनाचा जाड थर चांदी धरतो आणि काच मळकट दिसते. चार्ज्ड स्लाइड (सेक्शन धरून ठेवणाऱ्या) वापरा. त्या महाग पडतात हे खरं, पण अमोनियाच्या अल्कधर्मी द्रावणात साध्या काचेवरचं सेक्शन सुटून जातं, मग ब्लॉक पुन्हा कापावा लागतो.

भांडी: काँगो रेडचा शेजार

वृद्ध मेंदूवर काम करताना चांदीबरोबर काँगो रेड हा लाल स्टेनही केला जातो. बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये टिश्यूत साठणाऱ्या प्रथिनासाठी, म्हणजे अ‍ॅमिलॉइडसाठी काँगो रेड वापरला, आणि पुख्टलर यांच्या १९६२ च्या रीतीत ८० टक्के अल्कोहोलमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण करून, त्याला अल्कली देऊन काम चालतं. म्हणजे जे मीठ चांदीला विष, ते तिथे कामाचं. दोन्ही स्टेन एकाच लॅबमध्ये, एकाच आठवड्यात, त्याच कॉप्लिन जारमध्ये (स्लाइड उभ्या ठेवायच्या खाचांच्या बरणीत)! जारच्या खाचांत आणि झाकणाच्या आट्यांत मीठ वाळून बसतं, दिसतही नाही, आणि चांदीच्या दिवशी विरघळतं. कण स्लाइडच्या कडेला, जारच्या खाचेला टेकणाऱ्या भागात जास्त असतील तर आधी हाच संशय घ्या.

चांदीचे जार वेगळे ठेवा आणि त्यावर खूण करा. धुण्यासाठी साबणानंतर १० टक्के नायट्रिक आम्लात काही तास, मग भरपूर डिस्टिल्ड. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, त्यातलं क्लोराइड कुठे जाणार? तीच गत निर्जंतुकीकरणाच्या हायपोक्लोराइटची. स्टाफनं चांगल्या हेतूनं भांडी हायपोक्लोराइटच्या बादलीत टाकलेली असतात आणि त्याचा मागमूस जारच्या तळाशी राहतो.

धातूचा चिमटा वापरायचा नाही, प्लास्टिकचा घ्या. आणि हातमोजे. मे महिन्यात घामाच्या बोटांनी धरलेली स्लाइड असेल तर डेव्हलपरमध्ये अंगठ्याचा ठसा रेषान् रेष उमटतो. चोर पकडायला ते चांगलं, स्टेनला नाही.

अमोनियाचा शेवटचा थेंब

कोरी काच स्वच्छ निघाली, न रंगवलेली स्लाइडही स्वच्छ, तरी टिश्यूवर घाण आहे. आता इथे या.

२० टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये लिकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण) थेंबाथेंबानं टाकत गेलं की आधी तपकिरी गाळ बनतो. तो सिल्व्हर ऑक्साइड. आणखी अमोनिया पडला की तोच विरघळतो आणि द्रावण पुन्हा निवळतं. नेमक्या त्या निवळण्याच्या क्षणाला थांबायचं, फार तर वर एक-दोन थेंब. गाळ पूर्ण विरघळायच्या आत थांबलात तर तोच गाळ टिश्यूवर बसतो. पुढे गेलात तर स्टेन फिका, टँगल्स पुसट, आणि सेक्शन सुटायला लागतं.

प्रत्येक थेंबानंतर ढवळा आणि थोडं थांबा. जार पांढऱ्या कागदावर ठेवा, पाठीमागून उजेड येऊ द्या. शेवटचे थेंब बारीक टोकाच्या पिपेटनंच. बहुतेकांचा घात होतो तो थेंब मोजण्यानं. वहीत लिहिलेलं असतं, गेल्या खेपेला इतके थेंब लागले, आणि आज डोळे मिटून तितकेच टाकले जातात. पण लिकर अमोनियाची बाटली उघडली की वायू उडत राहतो. उन्हाळ्यात तर झाकण काढताच नाकाला कळतं किती उडतोय. अर्धी झालेली जुनी बाटली कमजोर असते, तिचे थेंब जास्त लागतात. नवी फोडली की त्याच मापानं अमोनिया जास्त होतो. म्हणून “नवी बाटली आणली आणि स्टेनच गेला” अशी उलटी तक्रारही येते. बाटलीवर उघडल्याची तारीख टाका, घट्ट बंद करून थंड जागी ठेवा, आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा, वहीतल्या आकड्यावर नको.

सिल्व्हर नायट्रेटमधून काढून अमोनियाकलमध्ये नेताना मधलं डिस्टिल्डचं धुणं महत्त्वाचं. टिश्यूच्या पृष्ठभागावरचं जादा सिल्व्हर निघालं पाहिजे, पण तासभर पाण्यात ठेवून आतलंही काढायचं नाही. आणि अमोनियाकलनंतरचं धुणं साध्या पाण्यात नाही, तर डिस्टिल्डमध्ये थोडे थेंब अमोनिया टाकून केलेल्या पाण्यात. हे दुसरं धुणं घाईत वगळलं जातं आणि डेव्हलपर पडताच पृष्ठभागावर कण उमटतात.

सुरक्षेचं इथेच सांगतो, कारण पुढे वाचक गळतात. अमोनियाकल सिल्व्हर उद्यासाठी ठेवायचं नाही. काही तास किंवा दिवस उभं राहिलं की त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड बनू शकतं, विशेषतः कडेला वाळलेल्या थरात. काम संपताच त्यात मिठाचं पाणी ओता. चांदी पांढऱ्या गाळाच्या रूपात खाली बसते आणि धोका जातो. ते सिंकमध्ये सोडू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. विटा-खानापूरकडच्या गलाई कारागिरांनी देशभर जाऊन सोनं-चांदी गाळायचा धंदा केला; त्या भागातला लॅब असिस्टंट असेल तर गाळातली चांदी फेकायची म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. घरगुती प्रयोग मात्र कुणी करू नयेत, संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या नियमानंच जाऊ द्या.

डेव्हलपर आणि उन्हाळा

डेव्हलपरचा साठा साधा आहे: १०० मिली डिस्टिल्ड, २० मिली फॉर्मॅलिन, अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल, एक थेंब तीव्र नायट्रिक आम्ल. ५० मिली अमोनियाकल सिल्व्हरमध्ये याचे जेमतेम तीन थेंब. स्लाइड बाहेर असताना टाकायचे, चांगले ढवळायचे, मगच स्लाइड आत. थेंब थेट स्लाइडवर पडला तर त्या जागी ढग उठणारच.

द्रावणाच्या पृष्ठभागावर चांदीची चकचकीत साय येते. स्लाइड त्या सायीतून वर काढली की ती टिश्यूवर चिकटते. कोऱ्या काचेवर एका रेषेत कण आले असतील तर हेच कारण. गाळणीच्या कागदाच्या तुकड्यानं साय उचला आणि मग स्लाइड काढा.

फॉर्मॅलिन जुनं असेल, तळाशी पांढरा गाळ असेल, तर गाळून घ्या किंवा नवं घ्या. हिवाळ्यात तो गाळ जास्त दिसतो.

तापमानाबद्दल पुस्तकं ३७ ते ४० अंश म्हणतात, आणि ते थंड देशातल्या खोलीतून बोलतात. सांगलीत एप्रिल-मे मध्ये दुपारची खोलीच चाळिशीकडे झुकते. ओव्हनमधून काढल्यावर टेबलावरही रिअ‍ॅक्शन तितक्याच वेगानं चालू राहते, थंड होऊन मंदावत नाही. म्हणून उन्हाळ्यात हा स्टेन सकाळी लवकर करा आणि वेळ घड्याळावर सोडू नका: अमोनियाच्या पाण्यात खळबळून स्लाइड लो पॉवरला पाहा, गरज असेल तर परत आत घाला. हिवाळ्यात याच्या उलट होतं; द्रावणं आधी गरम करून घेतली नाहीत तर पहिली पाच मिनिटं वायाच जातात. ओव्हनच्या डायलवर विसंबू नका, जारमध्ये थर्मामीटर बुडवा. वीज जाणाऱ्या भागात हवेच्या ओव्हनपेक्षा वॉटर बाथ बरा, तो उष्णता धरून ठेवतो. खिडकीजवळ काम करायचं नाही, जारला फॉइल गुंडाळा.

न रंगवलेल्या स्लाइडमध्येच कण असतील तर

हा फॉर्मॅलिन पिगमेंट. आम्लयुक्त फॉर्मॅलिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन एकत्र आले की तपकिरी-काळा ॲसिड हिमॅटिन बनतो. रक्तानं भरलेल्या शिरांभोवती तो जास्त दिसतो. मेंदू मोठा अवयव, आत फॉर्मॅलिन हळूहळू शिरतं, दोन-तीन आठवडे तरी फिक्स व्हायला हवा. तेवढ्या काळात बफर नसलेलं फॉर्मॅलिन आम्ल होत जातं. शिवाय कधी कधी मेंदू वर्षानुवर्षं त्याच डब्यात पडून असतो.

ओळखायची खूण: ध्रुवित प्रकाशात हा रंगकण चमकतो, चांदीचा कण चमकत नाही. काँगो रेडसाठी पोलरायझर असेलच, तोच वापरा. मात्र हीच चमक काँगो रेड वाचताना फसवते. तिथे हिरवी सफरचंदी चमक हवी. पांढरट-पिवळी चमक प्लाक म्हणून मोजू नका.

काढायचा असेल तर पॅराफिन उतरवल्यावर सेक्शन अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक आम्लात ठेवा. पिगमेंट किती आहे त्यानुसार पाव तासापासून काही तास. मग वाहत्या पाण्यात पिवळा रंग जाईपर्यंत, आणि चांदीआधी डिस्टिल्डमध्ये तीन वेळा. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक, बाटली नेहमी ओली असू द्या.

खरा उपाय मात्र पहिल्याच दिवशी करायचा: न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन. ९०० मिली पाणी, १०० मिली फॉर्मॅलिन, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. दोन्ही क्षार स्वस्त आहेत. तरी बऱ्याच पोस्टमॉर्टेम खोल्यांत नळाच्या पाण्यात अंदाजपंचे ओतलेलं फॉर्मॅलिनच चालतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवतात. प्रबंधासाठीचा मेंदूचा तुकडा चुकून त्या बाटलीत गेला तर तो हिस्टोलॉजीच्या उपयोगाचा राहत नाही. तुकडा उशिरा आला, टिश्यू चुरगळलेलं वाटतंय, पेशी सडल्यासारख्या दिसताहेत, तर स्टेन सुधारायचा खटाटोप सोडा आणि बाटलीवर काय लिहिलं होतं ते विचारा.

कण नाहीत, पण काळे गोळे आहेत

वृद्ध मेंदूत पाया मॅटर या आवरणाच्या खाली आणि व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पोकळीच्या) कडेला कॉर्पोरा अमायलेसिया भरपूर असतात. गोल, स्वच्छ कडेचे, कधी आतून वलयं असलेले. चांदी त्यांना काळपट करते. प्लाकची कड कधी अशी कोरलेली नसते. शंका असेल तर शेजारचं सेक्शन पीएएस स्टेनला लावा. गोळे गडद किरमिजी येतील. लिपोफ्युसिन, म्हणजे वयानं साठणारा रंगकण, पेशीच्या एका बाजूला दाण्यांचा पुंजका म्हणून असतो; टँगल पेशीभर वळसे घेत जातो.

चांदीचा निकाल दुसऱ्या पद्धतीनं पडताळा, निदान काही केसेसमध्ये. थायोफ्लेविन एस सोपा आणि स्वस्त, पण फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप हवा, आणि वृद्ध मेंदूतलं लिपोफ्युसिन स्वतःच पिवळं-नारिंगी चमकतं. काँगो रेडला रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं अ‍ॅमिलॉइड छान दिसतं, पसरट प्लाक दिसत नाहीत. सगळ्यात खात्रीचे ते टँगल्ससाठीचे एटी८ आणि प्लाकसाठीचे बीटा-अ‍ॅमिलॉइडचे अँटिबॉडी. बीटा-अ‍ॅमिलॉइडच्या आधी सेक्शनला फॉर्मिक आम्ल दाखवावं लागतं, ते विसरलं की स्लाइड रिकामी येते. जिल्ह्याच्या लॅबनं चार-पाच केसेससाठी अँटिबॉडीची अख्खी कुपी विकत घेण्यात अर्थ नाही, ब्लॉक बाहेर पाठवलेला परवडतो. २०१२ च्या एनआयए-एए या अमेरिकी निदान-निकषांतही अ‍ॅमिलॉइडचा टप्पा, टँगल्सचा ब्राक टप्पा आणि न्यूरिटिक प्लाक असे तीन वेगळे गुण जोडून मत द्यायचं आहे. हिप्पोकॅम्पसच्या एका चांदीच्या स्लाइडवर ‘आल्झायमर’ लिहून टाकणं मला पटत नाही, स्लाइड कितीही देखणी असली तरी.

स्लाइड चांगली होती, दोन महिन्यांनी काळवंडली

हायपो कमी पडला किंवा जुना होता. न वापरली गेलेली चांदी टिश्यूत राहिली आणि उजेडात हळूहळू काळी झाली. ५ टक्के सोडियम थायोसल्फेट त्याच दिवशी ताजं बनवा, आणि नंतर पाण्यात नीट धुवा. जास्त वेळ ठेवलं तर बारीक धागे फिके पडतात, म्हणून पाच मिनिटांच्या पुढे मी जात नाही. काळवंडलेली स्लाइड परत हायपोत घालून काही वेळा सुधारते, पण कव्हरस्लिप सोडवण्याच्या नादात सेक्शन फाटण्याचीच शक्यता जास्त; ब्लॉक शिल्लक असेल तर नवं सेक्शन काढा.

एवढं करूनही बॅच बिघडली तर ज्याला कुणाला विचाराल त्याला नुसता रंगवलेल्या स्लाइडचा फोटो पाठवू नका. कोरी, न रंगवलेली आणि रंगवलेली, तिन्हींचे १० आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हवरचे फोटो, पाण्याच्या चाचणीचा निकाल, अमोनियाची बाटली उघडल्याची तारीख, फॉर्मॅलिन बफर्ड होतं की नाही आणि त्या दिवशी जारमधलं तापमान, हे सगळं एकत्र पाठवा.